गाण्याची बटाई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा, साल ठरतो. ओट्यावर बसून बोलणं होतं. रोख किती, धान्य किती, कपड्याचे जोड किती, पोळ्याला काय, खाडे कसे धरायचे, उचल किती द्यायची आणि ती कशी फिटायची. दोन माणसं साक्षीला असतात. चहा होतो. यात कुणाला कमीपणा वाटत नाही आणि कुणी कुणावर अविश्वास दाखवला असंही होत नाही. शेत बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावायचं असेल तर बियाणं कुणाचं, फवारणीचे पैसे कोण घालणार, वेचणीची मजुरी कुणाच्या अंगावर, हे सगळं पेरणीआधी बोललं जातं. ज्यांनी बोलून घेतलं नाही ते दोघे दिवाळीनंतर तालुक्याच्या कोर्टाबाहेर, एकमेकांकडे पाठ करून, भजी खाताना दिसतात.

याच खानदेशात दोन माणसं मिळून गाणं करतात तेव्हा यातलं एक अक्षरही बोलत नाहीत.

मी त्या दोघांतला एक. शाळेत मास्तरकी केली आणि गावोगावच्या नाटकांना, लोकनाट्यांना, गॅदरिंगला गाणी लिहून दिली. चाली लावायचा माझा जोडीदार. तो अमळनेरचा शिंपी. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की शिलाई मशीन बंद व्हायचं आणि पेटी उघडायची. पेटीच्याही आधी तो मशीनच्या पायट्यावर माझी ओळ तपासायचा. पाय हलवत ठेका धरायचा, ओळ पुटपुटायचा आणि नेमक्या चुकीच्या जागी थांबायचा. "गुरुजी, ओळीत जरा माया सोडा," म्हणायचा. शिवणात आतल्या बाजूला जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. ओळ अगदी मापात बेतली की चालीला शिवायला जागा राहत नाही, हे मला कुठल्याही छंदशास्त्राच्या पुस्तकानं शिकवलं नाही, ते त्या दुकानानं शिकवलं. पुढं पुढं मी लिहितानाच मनात पायटा हलवायला लागलो. तो माझ्या शब्दांत हात घालायचा, मी त्याच्या चालीत नाक खुपसायचो. एखाद्या गाण्यातलं नेमकं काय कुणाचं हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

एकदा मीच चाचरत म्हटलं होतं की आपण कुठं तरी लिहून ठेवू. तो हसला. "तुना शबद, मनी चाल. आते काय लिखी लेनं?" विषय संपला. मलाही बरंच वाटलं. मैत्रीत कागद आणला नाही याचा अभिमान वाटला, असंच म्हणा.

तो जाऊन आता काही वर्षं झाली. आम्ही एका नाटकासाठी केलेलं अहिराणी गाणं मध्यंतरी कुणीतरी नव्यानं वाजवून व्हिडिओवर चढवलं. गायकाचं नाव ठळक, डीजेचं नाव त्याहून ठळक, आणि शब्द-चालीच्या जागी लिहिलेलं, 'पारंपरिक'. मी जिवंत आहे, पेन्शन घेतो, सकाळी बोरीच्या काठानं फिरायला जातो, आणि पारंपरिक झालो! फोन केला तर पलीकडचा मुलगा अगदी आदबीनं म्हणाला, "गुरुजी, एवढं काय त्यात, लोकगीतच तर आहे ते." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला वेगळं सांगणारा कागद मीच ठेवला नव्हता.

राग आला तो नंतर, स्वतःचा. लग्नाच्या वरातीत गाणं ऐकून आलेल्या वहिनींनी, म्हणजे शिंप्याच्या बायकोनं, दारात उभ्या उभ्या विचारलं, "भाऊ, यास्नी चाल लायेल गानावर आते पोरे नाचतस. त्यानं काही भेटस का?"

मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की गाणं ही दोघांची बटाईची शेती आहे आणि तिचा वाटा पहिल्या तालमीच्या आधी, कागदावर, दोघांच्या सहीनं ठरला पाहिजे. आपल्या सांस्कृतिक कारभारानं, म्हणजे स्पर्धा घेणाऱ्यांनी, नाट्यगृहं भाड्यानं देणाऱ्यांनी, अनुदानं वाटणाऱ्यांनी, तो कागद मागितला पाहिजे. कलेत हिशेब आणू नये, हिशेबानं जोड्या तुटतात, हे जे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो ते मला आता उलटं वाटायला लागलं आहे.

उलटं वाटायला कारण झाली लंडनची एक जोडी. संगीत रंगभूमीवरच्या जोड्यांत विल्यम गिल्बर्ट आणि आर्थर सलिव्हन यांच्याइतकी भांडकुदळ जोडी क्वचितच असेल. गिल्बर्ट शब्दांचा, जन्म १८३६चा. सलिव्हन चालींचा, सहा वर्षांनी लहान. १८७१ ते १८९६ या पंचवीस वर्षांत दोघांनी मिळून चौदा संगीतिका केल्या. गिल्बर्ट आधी शब्द लिहून द्यायचा. सलिव्हन त्यांना सूर लावायच्या आधी नुसता ठेका मांडून बघायचा. एकाच ओळीचे तीन-चार ठेके कागदावर काढायचे, त्यातला एक पसंत करायचा आणि मगच सुरांकडे वळायचं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शिंप्याचा पायटा आठवला.

दोघांचं पटत नव्हतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सलिव्हनला कायम वाटायचं की आपलं संगीत शब्दांची हमाली करतंय. त्याला गंभीर, मोठं काहीतरी करायचं होतं. गिल्बर्टला उलटसुलट जादूटोण्याची कथानकं आवडायची, आणि गोळी घेतली की माणूस बदलतो असली एक कल्पना तो सलिव्हनच्या गळी वर्षानुवर्षं उतरवू बघत होता. सलिव्हननं ती शेवटपर्यंत घेतली नाही. तरी काम चालू राहिलं, कारण त्यांच्यात तिसरा माणूस होता, रिचर्ड डॉयली कार्ट नावाचा निर्माता, आणि तिघांत लेखी करार होता. १८८३च्या करारात खर्च वजा जाता जे उरेल त्याचे तिघांत तीन समान वाटे आणि सहा महिन्यांची सूचना मिळाली की नवी संगीतिका द्यायची, असं बांधून घेतलेलं होतं. निम्मे नव्हे, तिसरी बटाई.

आणि मग १८९०मध्ये ते प्रसिद्ध गालिचाचं भांडण झालं. कार्टनं आपल्या सॅव्हॉय नाट्यगृहाच्या दर्शनी भागात नवा गालिचा टाकला आणि त्याचा खर्च तिघांच्या सामाईक खात्यात दाखवला. गिल्बर्टनं वही तपासली आणि तो उसळला. नाट्यगृह तुझं, तर गालिचाही तुझाच. माझ्या शब्दांच्या कमाईतून तुझी पायपुसणी कशाला? सलिव्हन कार्टच्या बाजूनं उभा राहिला. प्रकरण कोर्टात गेलं, जोडी फुटली. नंतर दोन संगीतिका झाल्या, पण ती पहिली रया परत आली नाही.

हा किस्सा सांगणारे बहुतेक जण मान हलवून म्हणतात, बघा, एका गालिचापायी केवढी जोडी फुटली. मी तो किस्सा दहा वेळा वाचला आणि दर वेळी मला गिल्बर्टचा हेवा वाटला. भांडायला त्याच्याकडे वही होती! शब्द लिहिणाऱ्या माणसाला खर्चाच्या पानावर बोट ठेवून 'हे मला मान्य नाही' म्हणता येत होतं. आमच्या जोडीत कधी भांडण झालं नाही याचं कारण आमचं प्रेम होतं, हे अर्धंच खरं. भांडायला काही मांडलेलंच नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

शिवाय त्या दोघांना कागदाची किंमत आधीच कळलेली होती, आणि तीही चोरीतून. १८७८ची त्यांची 'पिनाफोर' लंडनमध्ये गाजली आणि अमेरिकेत तिचे दीडशेच्या आसपास चोरटे प्रयोग निघाले. परक्या लेखकाला तिथला कायदा विचारत नव्हता, त्यामुळं दमडी मिळाली नाही. पुढच्या खेळाच्या वेळी त्यांनी काय केलं? ३१ डिसेंबर १८७९ला स्वतः न्यूयॉर्कला जाऊन तिथंच पहिला मोठा प्रयोग लावला. आणि इंग्लंडमधला हक्क बुडू नये म्हणून त्याच्या आदल्या दिवशी पेंटन नावाच्या छोट्या किनारी गावात एक नावापुरता प्रयोग उरकला. फिरत्या कंपनीतले नट, अंगावर जुन्याच खेळाचे कपडे, हातात संहितेचे कागद. कलेच्या दृष्टीनं तो प्रयोग अगदीच फालतू झाला असणार. पण माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा प्रयोग तोच.

अजून एक गोष्ट सांगून लंडन सोडतो. सलिव्हन १९००मध्ये गेला, गिल्बर्ट १९११मध्ये. मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क, या त्यांच्याकडच्या तेव्हाच्या हिशेबानं चाली १९५०अखेर मोकळ्या झाल्या आणि शब्द १९६१अखेर. म्हणजे अकरा वर्षं अशी गेली की त्याच गाण्याची चाल सगळ्यांची होती आणि शब्द मात्र एकाच्या वारसांचे होते. गाणं एक, पण ते दोन सातबाऱ्यांवर.

आपल्या कायद्यातही ते दोन सातबाऱ्यांवरच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी, वेगळीच गोष्ट. हक्क कुणाला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. तोंडी 'घे रे, तुझंच आहे' याला कायद्यात अर्थ नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. २०१२च्या दुरुस्तीनं तर असं केलं की सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या मानधनातला आपला वाटा कवी आणि संगीतकाराला सहजी सोडूनच देता येत नाही. वारसाला देता येतो, हक्कसंस्थेला वसुलीसाठी देता येतो, बाकी कुणाला लिहून दिला तरी ते लिहिणं फुकट. कायद्याला वहिनींचा प्रश्न आमच्या आधी सुचला होता. आमच्या तालुक्याला तो कुणी सांगितला नाही. आणि मी मास्तर असून मलाही तो वाचावासा वाटला नाही, हेही लिहून टाकतो.

आता कुणी म्हणेल, हे लंडन-न्यूयॉर्कचं झालं. आपली संगीत रंगभूमी निराळी, तिथं सगळं कुटुंबासारखं.

कुटुंबासारखं होतं, म्हणूनच तर नावं पुसली गेली. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावानं दर वर्षी संगीत महोत्सव होतो, आणि ते योग्यच आहे. लहानपणी ते जळगावला मेहबूब खाँकडे गाणं शिकले, त्या नात्यानं ते आमचेही आहेत. पण त्या महोत्सवातून परतणाऱ्या दहा जणांना विचारा की 'मानापमान'च्या चाली कुणाच्या. १९११मध्ये त्या गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. पाच वर्षांनी आलेल्या 'स्वयंवर'ला चाली भास्करबुवा बखल्यांच्या. दहातले सात जण म्हणतील, ही बालगंधर्वांची गाणी. गळा ज्याचा, गाणं त्याचं. (आकडा माझा अंदाजाचा आहे, पण पैज लावायला तयार आहे.)

याहून बोलका दाखला 'एकच प्याला'चा. राम गणेश गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले. नाटक लिहून झालं होतं, पदं व्हायची होती. ती लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. सिंधूच्या तोंडी जे शब्द घालून महाराष्ट्र शंभर वर्षं रडतोय ते गुर्जरांचे आहेत, आणि गुर्जरांचं नाव विचारलं तर भलेभले रसिक भुवया उंचावतात. गडकऱ्यांनी काही हिरावून घेतलं नाही, ते बिचारे गेले होते. कंपनीनंही मुद्दाम लपवलं नाही. फक्त हे दुसरं नाव सांभाळणं हे कुणाचंच काम नव्हतं. नाव पुसायला दुष्टावा लागत नाही, ढिलाई पुरते. ढिलाईच्या बाबतीत आपण संपन्न आहोत.

आणि गालिचे आपल्याकडेही होतेच. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस असे तीन भागीदार होते. लंडनसारखेच तीन. पुढं टेंबे बाहेर पडले, बोडसही बाहेर पडले. रंगमंचावर उंची कपडे, भारी पडदे, अत्तराचा घमघमाट, आणि मागे कर्जाचा डोंगर. ती श्रीमंती पाहून आपण आजही हळहळतो आणि सुखावतोही. त्या अत्तराचा खर्च कुणाच्या वाट्यातून, असा प्रश्न गालिचाच्या गिल्बर्टसारखा कुणी वेळेवर, चारचौघांत, वही उघडून विचारला असता तर? कदाचित त्याला अरसिक म्हणून हाकलला असता. कदाचित कंपनी वाचलीही असती.

पण आपल्या जुन्या नाटकवाल्यांना एका बाबतीत मानलं पाहिजे. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं असतं, चाल अमुक गाण्याची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' उभं केलं ते साकी-दिंडी, लावण्या, बायकांची गाणी, कानडी चाली असं सगळं गोळा करून. टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांवरून हात फिरवला आणि खाडिलकरांनी आयत्या चालींवर शब्द बसवले. उसनवारी होती, पण ती डोक्यावर छापलेली होती. आज हातातल्या फोनवर हव्या तेवढ्या ओळी लिहायला जागा आहे आणि आपण एकच शब्द लिहितो, पारंपरिक.

आधी शब्द की आधी चाल, याचीही एक गंमत आहे. न्यूयॉर्कचा रिचर्ड रॉजर्स लॉरेन्झ हार्टबरोबर काम करायचा तेव्हा बहुधा चाल आधी व्हायची आणि हार्ट तिच्यावर शब्द बसवायचा. हार्ट १९४३मध्ये गेला. त्याच वर्षी रॉजर्सनं ऑस्कर हॅमरस्टाईनबरोबर 'ओक्लाहोमा' केलं, तेव्हा पद्धत उलटी झाली, शब्द आधी. हॅमरस्टाईन एकेका गाण्यावर आठवडेच्या आठवडे घालवायचा आणि रॉजर्स कधीकधी काही मिनिटांत चाल लावून मोकळा व्हायचा. मग जास्त कष्ट कुणाचे? वाटा कष्टाच्या तासांवर ठरवायचा तर रॉजर्सच्या पदरात काहीच पडायला नको. त्यांनी असला हिशेब घातलाच नाही. दोघांच्याही वडिलांचं नाव विल्यम, म्हणून गाणी छापणाऱ्या आपल्या कंपनीला त्यांनी 'विल्यमसन' नाव दिलं, म्हणजे दोघं भावंडंच. भावकीत वाटणी आधी केली की बोलणं टिकतं. हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खानदेशापुरती सगळ्यांत खोल जखम मात्र बहिणाबाईंची आहे. त्यांना इथं ओढू नये असं काहींना वाटेल, त्या काही नाटकवाल्या नव्हत्या. पण शब्द आणि चाल एकाच गळ्यात नांदत होती अशी आमच्याकडची सर्वांत मोठी बाई तीच. आसोद्याची लेक, जळगावची सून. जात्यावर, शेतात, चुलीशी ती गायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक मुलगा ऐकून उतरवून घ्यायचे. ती १९५१मध्ये गेली, पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. शब्द वाचले. चाल? जात्याच्या घरघरीवर ती कुठल्या ढाळात गायची, कुठं श्वास घ्यायची, कुठं ओढायची, हे कुणी धरून ठेवलं नाही. वही सापडली, गळा गेला. आज 'खोप्यामधी खोपा' म्हटलं की आपल्या कानात जी चाल वाजते ती १९६१च्या 'मानिनी' चित्रपटातली, वसंत पवारांची. इतकी आतून आलेली चाल की ती बहिणाबाईंचीच वाटते. हे वसंत पवारांचं मोठेपण, आणि त्याची त्यांना मिळालेली शिक्षाही तीच. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्या आवारात दर कार्यक्रमाला ही गाणी म्हटली जातात. निवेदक वसंत पवारांचं नाव घेतो का, एवढं पुढच्या खेपेला कान देऊन ऐका.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप याच जात्यावरून येतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक म्हणतात, गुरुजी, तुमच्या शिंप्यानं लावलेली चाल तरी शंभर टक्के त्याची कुठं होती? कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रोटांच्या रात्री बाया गातात, आखाजीला झोक्यावर पोरी गातात, डफावर 'वही' नावाची गाणी म्हणतात, त्यातूनच त्यानं उचललं असणार. मग लोकांच्या चालीवर एकट्याचं नाव घालून कागद करायचा, ही लोकांचीच चोरी नव्हे का?

हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. तो खरा आहे. त्या गाण्याचं धृपद कानबाईच्या एका गाण्याच्या वळणावर आहे, हे मला माहीत आहे, तो स्वतःही सांगायचा. पण अंतरा त्याचा होता. तिसऱ्या ओळीवर चाल एकदम खाली उतरते आणि पेटी एकटी राहते, ती जागा त्याला सुचायला तीन रात्री लागल्या. मी समोर बसलो होतो, माझ्या वाटचा चहा थंड झाला होता. 'पारंपरिक' या शब्दानं या तीन रात्रीही जातात आणि कानबाईच्या बायाही जातात. कारण तो शब्द कुणाचंच नाव घेत नाही. ना कुठल्या गावचं, ना कुठल्या सणाचं, ना कुठल्या बाईचं. परंपरेचा एवढा कळवळा असेल तर लिहा ना, धृपद कानबाईच्या गाण्यावरून, अमुक गावच्या बायांकडून ऐकलेलं. अंतऱ्याची चाल अमक्याची, शब्द तमक्याचे. जुन्या छापील पुस्तकात बसायचं एवढं, व्हिडिओच्या खाली का बसू नये?

दुसरा आक्षेप मित्रांचा, की कागद आला की गोडवा जातो. त्यांना मी त्यांच्याच केळीच्या बागेचा करार दाखवतो. व्यापाऱ्याबरोबर भाव, कापणी, वजन, सगळं ठरवून त्याच्याच घरच्या लग्नात मानाचा टॉवेल-टोपी घेऊन येतात. गोडवा कुठं जात नाही.

कागद म्हणजे काही वकिलाकडचा स्टॅम्प नव्हे. वहीचं अर्धं पान. गाण्याची पहिली ओळ. शब्द कुणाचे, चाल कुणाची, त्यात उसनं काय आणि कुठून. पैसे आलेच तर वाटणी कशी. दोघांतला एक गेला तर त्याचा वाटा कुणाला. हा शेवटचा मुद्दा सर्वांत आधी लिहावा असं आता मला वाटतं. तारीख, दोन सह्या, फोनमध्ये फोटो.

आणि तो कागद मागणारा कुणीतरी हवा, नाहीतर आम्ही कलाकार मंडळी तो कधीच करणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेत नाटक उतरवायचं तर लेखकाचं संमतीपत्र लागतं. परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता तपासून घ्यावी लागते. म्हणजे कागदाची सवय रंगभूमीला आहे. मग नाटकातल्या गाण्यांसाठी आणखी अर्धं पान जोडायला काय हरकत आहे? जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहाच्या, धुळ्याच्या शाहू नाट्यमंदिराच्या आरक्षणाच्या अर्जात एक रकाना वाढवा, 'गीते व चाली कोणाच्या'. अनुदान घेणाऱ्या लोकनाट्य मंडळांना, सरकारी पैशातून होणाऱ्या महोत्सवांना तेच लागू करा. फिर्यादी, दंड वगैरे मी मागत नाही. दर प्रयोगाआधी निवेदकानं दोन नावं मोठ्यानं घ्यावीत, एवढी अट घातली तरी पाच वर्षांत अहिराणी गाण्यांची एक यादी आपोआप तयार होईल. आज अशी यादी कुठं मिळते, मला दाखवा. २०२४ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं, अहिराणीच्या गौरवाची भाषणं मीही पहिल्या रांगेच्या मागं बसून ऐकली. भाषेचा गौरव झाला की गाणाऱ्यांना टाळ्या मिळतात. लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला निदान नाव तरी मिळावं.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. शिंप्याच्या जुन्या मापाच्या वह्यांत, छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर, त्यानं पेन्सिलीनं चाली टिपून ठेवल्या आहेत. सा रे ग त्याच्या त्याच्या पद्धतीनं. काहींवर तारखा आहेत, काहींवर माझ्या ओळी आहेत, त्याच्या अक्षरात. वहिनींनी त्या पिशवीत घालून मला दिल्या. तेवढ्यावर काही उभं राहतं का ते एका वकील विद्यार्थ्याला विचारलंय.

दरम्यान या आखाजीला गावातली दोन पोरं आली होती. एक शब्द जुळवतो, एक कीबोर्डवर चाली लावतो. नाटकासाठी चार गाणी केलीत म्हणाले, ऐका. मी म्हटलं, ऐकतो, पण आधी वही काढा. लाजले, पण काढली. शब्द याचे, चाल त्याची, निम्मे-निम्मे, इथपर्यंत झटकन आलं. मग चौथ्या गाण्याशी अडलं. त्याचं धृपद कीबोर्डवाल्याच्या आजीकडचं निघालं, कानबाईच्या रात्री ती म्हणते ते. आता काय लिहायचं? दोघे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, लिहा, धृपद आजीकडून. पोरगं घरी जाऊन आजीला दाखवून आलं. तिला वाचता येत नाही, त्यानंच वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत नीट ऐकलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "मंग मना वाटाले काय?"

पोरांनी अजून सही केलेली नाही. तीन वाटे कसे करायचे यावर बोलणं चालू आहे.